मोकळ्या तारेवरचा सूर

४ जानेवारी

ही वही दोन वर्षांपूर्वी घेतलेली. पहिल्या पानावर एक फोन नंबर आहे, कोणाचा ते आठवत नाही. आजपासून लिहायचं ठरवलं, कारण ज्याच्याकडे मी आजवर कुरकुर करत आले तो दादाच या वेळी कुरकुरीचा विषय आहे, आणि भिंतीशी बोलण्याइतकी वेळ अजून आलेली नाही.

काम असं आहे. मंगळावर एक यंत्र उभं आहे. ते हवेचा दाब, वारा आणि तापमान मोजतं आणि आकडे इकडे धाडतं. त्या आकड्यांचे मी सूर करायचे आणि आमच्या वाद्यवृंदाने ते रंगमंचावर वाजवायचे. आधी लिहून ठेवलेलं काही नाही. त्या दिवशी जे आकडे उतरतील तेच वाजणार. प्रत्येक वादकापुढे कागदाऐवजी एक स्क्रीन, त्यावर आठ मात्रा आधी नोटेशन उमटणार. ज्याला त्याला ही कल्पना ऐकून भरून येतं. मला विचाराल तर हा बुडत्याला काडीचा आधार आहे.

वाद्यवृंद चालवणाऱ्या मंडळाने सांगून टाकलंय की हा कार्यक्रम पडला तर एकोणीस वादकांचे बारा होणार. बारांत डबल बेस, म्हणजे माणसाहून उंच आणि सगळ्यात खालच्या आवाजाचं ते तंतुवाद्य, बसत नाही. डबल बेस आमच्याकडे एकच आहे आणि तो एकतीस वर्षं माझा सख्खा भाऊ वाजवतोय.

म्हणून मी हो म्हटलं. मंगळाशी माझं काही देणंघेणं नाही. दादाचं स्टूल वाचलं पाहिजे, एवढंच.

९ जानेवारी

त्या यंत्राच्या बाईंचा फोन. बावीस वर्षं याच एका उपकरणावर काम करतायत. आवाज शाळेतल्या मुख्याध्यापिकेसारखा. वाद्यवृंदात त्यांचं नाव लगेच मंगळबाई पडलं. छडीवाल्यांनीच पाडलं. छडीवाले म्हणजे आमचे कंडक्टर, आणि त्यांचं नाव मी पाडलेलं.

मंगळबाईंनी मागच्या वर्षभराचे आकडे पाठवले, तालमीसाठी. सोबत चाळीस पानांचं माहितीपत्रक. "सगळं वाचा हं," म्हणाल्या. पहिली सहा पानं वाचली. उरलेली चाळली.

वारा बासरीला, तापमान व्हायोलिनला आणि दाब दादाला. दाब कळायला जड, वाजवायला जड, आणि त्याच्याशिवाय काही उभंच राहणार नाही असं करून ठेवलंय. उद्या कोणी म्हणालं की बेस काढा, तर सगळा डोलारा खाली येईल. शिवाय दाब झपाझप बदलतो तिथे त्याला असे तुकडे दिलेत की मंडळातल्या लोकांनी खुर्चीवर सरळ व्हावं. ऐन उमेदीत असले तुकडे त्याच्या डाव्या हातचा मळ होते.

१८ जानेवारी

दादाकडे गेले होते, पानं दाखवायला. वहिनीने संत्री सोलून, फोडी मोकळ्या करून त्याच्यापुढे ठेवल्या. मी म्हटलं, लाड चाललेत. ती हसली नाही.

दादा हल्ली गळ्यातून घालायचे स्वेटरच घालतो. बटणांचा सदरा म्हणे म्हातारा दिसतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी साहेबांना फॅशन सुचतेय. पानं त्याने उजव्या हाताने उलटली, डावा खिशात. बराच वेळ बघत बसला.

"एवढे सूर कशाला गं, ठमे?"

"तुझ्यासाठी."

"ते कळलं," म्हणाला. आणि मग हवापाण्यावर बोलत राहिला.

घरी येताना वाईट वाटलं. कोणी माझ्यासाठी असं काही लिहिलं असतं तर मी नाचले असते. त्याला उपकार नको असतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण निदान दोन शब्द?

२ फेब्रुवारी

पहिली तालीम. लिहूच नये असं वाटतंय, पण लिहिते.

व्हायोलिनवाले स्क्रीनवर चिडले. बासरीवाली म्हणाली, मंगळावरचा वारा श्वास घेत नसेल, मी घेते. या सगळ्याची तयारी होती. दादाची नव्हती. त्याचे तुकडे आले आणि बेसमधून कोणी पोतं फरफटत नेतंय असा आवाज निघाला. छडीवाल्यांनी तीनदा थांबवलं. दादा म्हणाला, "वाचायला वेळ द्या." ज्या माणसाने आयुष्यभर पहिल्या नजरेत वाचलं तो वेळ मागतोय. त्याने वाद्यसुद्धा चेलोवालीकडून लावून घेतलं. म्हणे आज कानाची खात्री नाही.

आणि मग, चौदाव्या मिनिटाला, दाबाची रेघ एकदम खाली गेली. बेसच्या सगळ्यात खालच्या सुरावर आली आणि तिथेच राहिली. दादा तो सूर वाजवत राहिला. चाळीस मात्रा, साठ मात्रा. डावा हात खाली सोडलेला, बसची वाट बघत उभा असल्यासारखा, आणि उजव्या हाताने नुसता गज ओढतोय. शायनिंग मारत होता झालं. पण सूर असा होता की बाकीचे वाजवायचे थांबले. छडीवाले थांबले. चेलोवालीने डोळे पुसले. ती सहसा फक्त जांभया देते.

मी आकडे बघितले नाहीत. तेव्हा कोण आकडे बघतं?

३ फेब्रुवारी

वर्षभराच्या आकड्यांत असे खालचे सूर कितीतरी आहेत. सुरुवातीला तुरळक, पुढे पुढे जास्त. शेवटच्या महिन्यांत तर दर तीन-चार मिनिटांनी. यंत्राच्या सौर पट्ट्यांवर धूळ साठत चाललीय, ते थकत चाललंय, असं मंगळबाई म्हणाल्या होत्या. मंगळच खोल जातोय असं मला वाटतं. हे शास्त्र नाही, पण काल रडणारी चेलोवाली शास्त्रज्ञ नाही.

१४ फेब्रुवारी

दादा घरी आला. तो कधी येत नाही, मीच जाते. चहा केला तर कप टेबलावरून उचललाच नाही, गार होऊ दिला.

म्हणाला, "ते जलद तुकडे काढून टाक. तो लांब सूर आहे ना, तेवढा ठेव. तेवढ्यात मी सगळं करून दाखवतो."

मी म्हटलं, "एका सुरावर तुझं स्टूल वाचायचं नाही. एक सूर तर मीसुद्धा वाजवेन."

"तू नाही वाजवणार."

"मेहनत नको झालीय तुला. नाचता येईना, अंगण वाकडं."

हे मी म्हटलं. सख्ख्या मोठ्या भावाला, माझ्या घरात. तो हसला आणि म्हणाला, "अंगण वाकडंच आहे, ठमे." मग चपला पायात सरकवून गेला.

रागाच्या भरात मी बोलते आणि नंतर आठवडाभर स्वतःला खाते. पण खरं सांगायचं तर मला त्याची लाज वाटायला लागलीय. ज्याच्याकडे बघून मी संगीत शिकले तो कामचुकार झालाय, आणि हे मला सगळ्यांसमोर झाकत बसावं लागतंय.

२६ फेब्रुवारी

मंगळबाई तालमीला आल्या. शेवटच्या रांगेत, मांडीवर पर्स घेऊन. पहिली दहा मिनिटं त्यांचा चेहरा उजळला होता. बावीस वर्षं कागदावर बघितलेला वारा त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग दादाचा सूर आला. सगळे श्वास रोखून. मंगळबाई उठल्या आणि माझ्या कॉम्प्युटरपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"इथे आकडा काय आहे?"

मी दाखवला. उणे नऊशे नव्याण्णव.

"दाब उणे कसा असेल हो?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "यंत्राला मोजता आलं नाही की आम्ही तिथे हा आकडा टाकतो. म्हणजे इथे माहिती नाही. सतराव्या पानावर आहे."

मी कॉम्प्युटरला सांगून ठेवलं होतं की अमुक आकड्याच्या खाली जे येईल ते सगळं बेसच्या शेवटच्या सुरावर टाक. त्याने सांगितलं तेच केलं. सगळ्यांना रडवणारा तो सूर म्हणजे काहीच नव्हतं. यंत्राला जमलं नव्हतं, आणि आम्ही त्याला मंगळाचा आवाज म्हणत होतो.

छडीवाले हसत सुटले. मला तिथल्या तिथे मरावंसं वाटलं.

२७ फेब्रुवारी

सकाळी सगळे बसलो. छडीवाले म्हणाले, कोणाला कळतंय, राहू दे. मंगळबाई म्हणाल्या, "यंत्र गप्प आहे. ग्रह नाही. यंत्राचं गप्प बसणं ग्रहाच्या तोंडी घालू नका." आवाज चढवला नाही. म्हणाल्या, तो सूर ठेवणार असाल तर माझे आकडे वापरू नका.

दादा म्हणाला, "राहू द्या तो."

मग परत, माझ्याकडे बघून, "ठमे, राहू दे."

बैठक संपल्यावर जिन्यात मला गाठून तिसऱ्यांदा म्हणाला. आयुष्यात त्याने माझ्याकडे काही असं परत परत मागितलेलं मला आठवत नाही. मी सांगितलं की चूक माझी आहे आणि ती सगळ्या जगासमोर वाजवायला मी तयार नाही. जिथे काही नाही तिथे विराम येईल. तू नुसता उभा राहून मात्रा मोज.

"बरं," म्हणाला. कठड्याला धरून उतरत गेला. उजव्या हाताने कठडा धरण्यासाठी तो जिन्याच्या चुकीच्या बाजूने उतरत होता. वर येणारी माणसं त्याच्यासाठी बाजूला होत होती.

५ मार्च

बेसचा भाग आता फारच रिकामा झालाय. मंडळाला वाटेल, हा माणूस उभाच आहे. म्हणून मी वाऱ्याची अर्धी रेघ बासरीकडून काढून दादाला दिली. अवघड आहे, पण ऐकू येईल अशी. एवढी भरपाई तरी करू शकते.

वहिनीचा फोन आला. "तो एक सूर राहिला असता तर बरं झालं असतं गं. त्याचा हात..."

मी म्हटलं, "वहिनी, हात चालवायला सरावच लागतो. तू त्याची बाजू घेऊ नकोस." आणि दारावर स्क्रीनवाला आला होता म्हणून फोन ठेवला. नंतर करायचा राहिला.

१३ मार्च

काल कार्यक्रम झाला. काल लिहवलं नाही.

सभागृह भरलं होतं. आकडे वेळेवर उतरले. यंत्र खूपच थकलंय, निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या होत्या. सगळा वाद्यवृंद दोन-दोन मिनिटं गप्प, मग अचानक व्हायोलिनचा एक थरथरता धागा, मग पुन्हा गप्प. मला वाटलं लोक उठून जातील. कोणी खोकलंही नाही.

आणि बेस नव्हताच.

मी रंगमंचाच्या बाजूला कॉम्प्युटरपाशी होते. दादाच्या स्क्रीनवर काय उमटतंय ते मला दिसत होतं. सूर येत होते, सरत होते. दादा उभा होता, गज तारेच्या केसभर वर धरून. डावा हात बेसच्या मानेवर होता. तो सगळा वेळ समोर बघत होता आणि त्याने एकदाही वाजवलं नाही. विरामात नाही, सुरातही नाही. एकतीस वर्षं. मला वाटलं, सूड घेतोय. त्याचा सूर काढला म्हणून सगळ्यांसमोर माझं नाक कापतोय.

टाळ्या चालू असतानाच मी त्याला मागच्या बोळात गाठलं. चेलोवाली होती, बासरीवाली होती, सगळे होते.

"वाजवायचं नसेल तर स्टूल रिकामं कर," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला.

१५ मार्च

पेपरात आलंय. ज्याने लिहिलं त्याला शांतता फार आवडली. "बेसवादक गज उगारून शेवटपर्यंत स्तब्ध उभा राहतो. न मिळालेल्या माहितीचं याहून प्रामाणिक रूप असू शकत नाही. ही कल्पना ज्याची त्याला सलाम." छडीवाल्यांनी मला फोन करून सलाम पोचवला.

दादा फोन उचलत नाही.

१७ मार्च

त्याचा राजीनामा मंडळाकडे गेला. मला मंडळाच्या कारकुनाकडून कळलं. वहिनीकडे गेले. दादा घरी नव्हता, डॉक्टरकडे गेला होता. मी विचारलं, कसला डॉक्टर?

वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की ती मला बसायला सांगेल की जायला, ते कळेना. मग बसली आणि सांगितलं. गेल्या पावसाळ्यापासून. आधी करंगळी, मग शेजारचं बोट. आपोआप आत वळतात. शीर आहे म्हणतात, मानेतून आलीय. शस्त्रक्रियेला उशीर झालाय. बटण लागत नाही, कप धरवत नाही, बूट बांधता येत नाहीत. वाजवायला उभा राहिला की चारही बोटं मिटतात.

"मोकळ्या तारेला बोटं लागत नाहीत ना गं," वहिनी म्हणाली. "तेवढा एक सूर त्याला येत होता."

बेसच्या सगळ्यात खालचा सूर. मोकळी तार. मी संगीत लिहिते आणि हे मला कळलं नाही.

"मला का नाही सांगितलं?"

"हिने माझ्यासाठी एवढं उभं केलंय, हिला कसं सांगू, म्हणायचा. मी एकदा सांगायला घेतलं होतं. तू फोन ठेवलास."

तो यायच्या आत निघून आले. भ्याले.

२० मार्च

आज गेले. तो खिडकीपाशी बसला होता. मी काही ठरवून गेले नव्हते. म्हटलं, हात दाखव.

"हात दाखवून अवलक्षण," म्हणाला, पण दिला.

मी बोटं उघडायला लागले, एकेक करून. चौथं उघडेपर्यंत पहिलं परत मिटायचं. परत सुरुवात केली. त्याने करू दिलं. लहानपणी माझ्या मुठीतून तो असाच गोट्या काढून घ्यायचा, पण तेव्हा मूठ मी मुद्दाम मिटलेली असायची.

"दुखतं का?"

"नाही. काहीच होत नाही. तेच वाईट आहे."

मला माफी मागायची होती. तोंडातून निघालं ते भलतंच. मी म्हटलं, "त्या दिवशी बोळात सगळे होते." तो म्हणाला, "हो, होते." वहिनीने दिवा लावला तेव्हा त्याचा हात माझ्या हातातच होता.

वहीत खरं लिहायचं म्हणून लिहिते: मी त्याला वाचवायला निघाले आणि त्याच्या हातातलं शेवटचं होतं ते मीच काढून घेतलं. मंगळबाईंचं चुकलं नाही. कॉम्प्युटरचं चुकलं नाही. मला नीट मिळालेली माहिती माझ्या डोळ्यांसमोर होती, संत्र्याच्या फोडींपासून, आणि मी पानं चाळली.

९ एप्रिल

मंडळाचं पत्र आलं. एकोणीसचे एकोणीस कायम. कार्यक्रम इतका गाजला की पुढचा प्रयोग तेवीस तारखेला. डबल बेसची जागा "या प्रयोगाचा कणा असल्याने" राखली आहे. मी राखली. त्यावर बाहेरगावचा एक वादक घेतलाय, चाळिशीचा, सज्जन आहे. आज तालीम झाली. वाऱ्याची ती रेघ त्याने पहिल्या वाचनात वाजवली, एकही सूर सुटला नाही. मी बाहेर जाऊन जिन्यात बसून राहिले.

तिथून दादाकडे गेले. एक वेडी गोष्ट सुचली होती, ती बोलून टाकली. म्हटलं, पेपरवाल्यांना तुझं उभं राहणंच आवडलं होतं. तूच ये. नुसता उभा राहा, गज धरून. वाजवावं लागणार नाही. मंडळ आनंदाने हो म्हणेल.

तो बराच वेळ विचार करत होता. मला आशा वाटली.

"त्या दिवशी मी न वाजवता उभा नव्हतो, ठमे," म्हणाला. "मी वाजवायचा प्रयत्न करत होतो. पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत. दर वेळी वाटायचं, आता उघडतील."

वहिनी स्वयंपाकघरात गेली. मी माझ्या पर्सची चेन उघडत आणि लावत बसले.

"नवा कसा आहे?" त्याने विचारलं.

"बरा आहे."

"खरं सांग."

"चांगला आहे, दादा. फार चांगला आहे."

त्याने मान हलवली, जशी मी लहानपणी धडा बरोबर म्हटला की हलवायचा. मग म्हणाला, "मला तेवीसचा पास दे. खुर्ची कडेची बघ. मध्येच उठावं लागलं तर लोकांना पाय आवरायला नकोत."

मी घरी येऊन सभागृहाचा आराखडा उघडला आणि दाराच्या सगळ्यात जवळची खुर्ची त्याच्या नावावर केली.